हैदराबादची जागा

बुधवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसले आणि प्रवेशाचं पोर्टल उघडलं. निकाल लागल्यापासून माझा हाच उद्योग चालू होता. दोन विद्यापीठांच्या ऑफर शेजारी शेजारी दिसायच्या, डावीकडे पुणे आणि उजवीकडे हैदराबाद. प्रत्येकीखाली दोन बटणं, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'. दुकानात दोन साड्या पसरून बसलेल्या बाईसारखी मी नुसती बघत बसायची आणि उठून जायची. त्या सकाळी उजवीकडची बटणं गायब होती. त्यांच्या जागी तांबड्या अक्षरांत एक ओळ होती: उमेदवाराने ही ऑफर नाकारली आहे.

उमेदवार म्हणजे मी. आणि मी काहीच नाकारलेलं नव्हतं.

मी पान बंद करून परत उघडलं. वायफाय बंद करून मोबाईलच्या नेटवर उघडलं, जणू आमचं वायफायच खोटं बोलत होतं. ओळ तिथेच. मला सायबर सिक्युरिटी शिकायची होती, लोकांची खाती आणि लोकांची कुलपं सांभाळायला शिकायचं होतं, आणि माझ्याच खात्यात शिरून कुणीतरी माझ्या नावाने 'नको' म्हणून निघून गेलं होतं. मी अशी ओरडले की आईला वाटलं विंचू चावला. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच धावत आली.

"काय झालं गं?"

"हैदराबाद गेलं," मी म्हणाले आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

हे कोडं किती मोठं होतं ते कळायला आमच्या घरातली परिस्थिती सांगायला हवी. आम्ही तुळजापूरचे पुजारी. मंदिराकडे उतरणाऱ्या एका बोळात घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे देवळात जातात, दुपारी यजमानांची पानं वाढतात, आणि मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला घरात पाय ठेवायला जागा नसते. आई उमरग्याची. माझ्याआधी आमच्या घराण्यात कुणी कम्प्युटरला हात लावला असेल तर तो धूळ पुसायला.

दोन्ही ठिकाणी माझा नंबर लागला तेव्हा पेढे वाटून झाले आणि लगेच घरात दोन पक्ष पडले. आई हैदराबादची. उमरग्याच्या माणसाला हैदराबाद परकं वाटतच नाही. हायवेला उभं राहिलं की गाडी मिळते. तिच्या माहेरी आजारी माणूस सोलापूरला नेत आणि जास्त आजारी माणूस हैदराबादला. अप्पा पुण्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "पुणं. आत्या हाय तिथं." आणि भात कालवायला लागले. मला वाटलं, झाला निकाल. अप्पा एकदा बोलले की दुसऱ्यांदा बोलत नाहीत, असा आमच्या घरात समज आहे.

माझं मन मात्र हैदराबादकडे ओढत होतं. पुण्याचा कोर्स कम्प्युटर इंजिनिअरिंगचा होता आणि त्याच्या शेवटी सायबर सिक्युरिटीची शेपटी लावलेली होती. हैदराबादचा पहिल्या दिवसापासून त्याचाच. तिथे एक लॅब होती, तीत निम्म्या मुलांनी नेटवर्कवर हल्ला करायचा आणि निम्म्यांनी तो परतवायचा, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी ते वाचून खुर्चीतच उडाले होते. ऑनलाइन मुलाखतीत तिथल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या घराचं कुलूप कोणाकोणाला उघडता येतं?" मी खरं ते सांगितलं, की आमच्या घराला कुलूप लागतच नाही, यजमान कधीही येतात. पलीकडचे तिघेही हसले. मला वाटलं, गेली जागा. पण जागा मिळाली.

पुण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. नाव मोठं, नोकऱ्या चांगल्या, सणावाराला घरी येता येईल. म्हणून मी ठरवता ठरवता दमले. शाळेतल्या सरांना विचारलं, ते म्हणाले पुणे. दोन वर्षं पुढे असलेल्या एका मुलीला फोन केला, ती म्हणाली हैदराबाद, आणि वर 'वेडी आहेस का, विचारतेस काय' असंही म्हणाली. मोबाईलवर करिअरचे व्हिडिओ करणारे जे कोण भाऊ-दादा असतात, त्यांचं ऐकून तर डोकं फिरायची वेळ आली. शेवटी आई मला देवळात चिंतामणीच्या दगडाकडे घेऊन गेली. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. मी हात ठेवले, हैदराबाद म्हटलं, आणि दगड जागचा हलला नाही. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, म्हणजे कामाला उशीर लागणार. मी चिडून हात काढून घेतले. मला उशीर परवडणारा नव्हता, शुक्रवारपर्यंत एक बटण दाबायचं होतं.

आणि त्याआधीच कुणीतरी ते दाबलं होतं.

जरा भानावर आल्यावर मी विचार करायला लागले. पोर्टल उघडायला अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख लागते. ते एक वेळ कुणाला मिळेल. पण नुसतं बटण दाबून भागत नाही, प्रत्येक वेळी मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो टाकल्याशिवाय काहीच होत नाही. मोबाईल नंबर कुणाचा? अप्पांचा. दहावीच्या शिष्यवृत्तीपासून माझ्या प्रत्येक अर्जावर अप्पांचाच नंबर होता. तोच नंबर दारावरच्या पाटीवर आहे, प्रसादाच्या पिशवीवर आहे, आणि देवीचा कुलधर्म असलेल्या निम्म्या मराठवाड्याच्या फोनमध्ये आहे.

अप्पा अभिषेक उरकून नुकतेच आले होते. ओलं उपरणं दोरीवर टाकत होते.

"अप्पा, काल कुणाला ओटीपी सांगितला का?"

"ओटीपी? न्हाय बा." ते सहज म्हणाले. "हां, एक नंबर सांगितला. होस्टेलचा."

"कसला होस्टेलचा? कुणाला?"

"आपलेच यजमान हायेत. माकणीचे."

"नाव काय त्यांचं?"

अप्पांचा हात दोरीवरच राहिला. ते आठवायचा प्रयत्न करत होते असं नाही. आपल्याला ते कधी माहीतच नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मला तो चेहरा बघवेना.

बाहेरच्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल. आमच्या घरात तो धर्म आहे. यजमान पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात, त्यांचे आजोबा माझ्या पणजोबांकडे उतरलेले असतात. वर्षाकाठी एकदा, कधी पाच वर्षांतून एकदा ते येतात आणि दारातच हसून म्हणतात, "ओळखलं का, काका?" याला उत्तर एकच, "ओळखलं की! या, या." आपण कोण, असं आमच्या दारात कुणी कधी विचारलेलं नाही. तसं विचारणं म्हणजे तुमचं-आमचं नातं तुटलं असं तोंडावर सांगणं. मग पाणी द्यायचं, चहा द्यायचा आणि चहा संपायच्या आत आडून आडून माणूस हुडकून काढायचा. पाऊसपाण्याची चौकशी केली की गाव कळतं. थोरले कसे आहेत म्हटलं की घर कळतं. धरणात पाणी किती या प्रश्नाला कुणी घडाघडा उत्तर दिलं की तो माकणीकडचा. अप्पांचा या कामात हातखंडा. त्यांनी चहाच्या एका कपात माणूस ओळखला नाही असं मी पाहिलेलं नाही. फोनवर मात्र चहा देता येत नाही.

"त्यानं इचारलं, ओळखलं का," अप्पा म्हणाले. "मी म्हनलं, ओळखलं की."

"आणि नंबर दिलात."

"यजमानाला 'कोन तुमी' म्हनू? उद्या ते दुसऱ्याच्या दारात उतरतील."

"अहो अप्पा, तो यजमान नव्हता!"

मी असं ओरडले की ओसरीवर बसलेले खरे यजमान दचकले. लातूरकडचं एक म्हातारं जोडपं होतं, त्यांनी आपले चहाचे कप खाली ठेवले. मग आई बोलली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"तुमाला पुणंच पायजे हुतं. झालं आता मनासारखं."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला आईचं बोलणं ऐकून धक्का बसला होता, पण त्याहून मोठा धक्का हा की माझ्या मनातही अगदी तेच आलं होतं. मी म्हणाले, "आईचं काय चुकलं?" अप्पांनी तोंड उघडलं, काहीतरी सांगायचं होतं त्यांना, आणि मग मिटलं. दोरीवरचं ओलं उपरणं परत खांद्यावर टाकून ते देवळात निघून गेले. त्या वेळी देवळात त्यांचं काही काम नव्हतं.

मी हैदराबादला फोन लावला. कितीतरी वेळ वाजल्यावर एका बाईंनी उचलला. त्या बिचाऱ्या नीट बोलल्या, पण जे बोलल्या ते ऐकून माझं उरलंसुरलं अवसान गळालं. नाकारलेली जागा आपोआप प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाते. माझी काल संध्याकाळीच गेली होती, आणि त्या मुलाने किंवा मुलीने ती स्वीकारलीसुद्धा होती. "फ्रॉड झाला असेल तर सायबर पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत पाठवा," त्या म्हणाल्या. "कमिटीपुढे ठेवू. शब्द देत नाही." कुणीतरी कुठेतरी आनंदाने उड्या मारत असेल, हे डोक्यात येऊन मला आणखी रडू आलं.

दुपारी माझ्या स्वतःच्या फोनवर फोन आला. आवाज तरुण, गोड, साखरेत घोळलेला.

"मॅडम, ॲडमिशनचं टेन्शन आहे ना? हैदराबादची सीट गेली असेल तर काळजी करू नका. आमच्याकडे सेम कोर्स आहे, डायरेक्ट करून देतो."

जागा गेल्याचं आमच्या घराबाहेर मी फक्त त्या हैदराबादच्या बाईंशी बोलले होते. "तुम्हाला कसं कळलं, गेली म्हणून?" मी विचारलं. पलीकडून फोन कट. परत लावला तर बंद. हे त्या माणसांचं कामच असतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. चांगल्या जागा मिळालेल्या मुलांच्या याद्या कुठून तरी मिळवायच्या, त्यांच्या जागा घालवायच्या, आणि मग तारणहार बनून हजर व्हायचं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की कालचा फोन कुणी गंमत म्हणून केला नव्हता, आणि अप्पांनी माझं सगळं भविष्य एका चोराच्या ओंजळीत घातलं होतं. ज्याला पुणं हवं होतं त्या माणसाने हैदराबाद घालवलं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

गुरुवारी अप्पा आणि मी एसटीने धाराशिवला गेलो. येताना-जाताना अप्पा बसमध्ये कंडक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांशी बोलतात, अर्धी बस त्यांना काका म्हणते. त्या दिवशी ते खिडकीजवळ गप्प बसले होते. मी मधे पिशवी ठेवली होती. मुद्दाम.

सायबर पोलिसांच्या खोलीत एक तरुण पोलीस बाई होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, तक्रार टाईप करायला घेतली आणि अप्पांना विचारलं, "काका, फोन करणाऱ्याला तुम्ही ओळखता?"

"आवाज वळखीचा वाटला," अप्पा म्हणाले.

"तसं नाही लिहिता येत. ओळखता, का नाही ओळखत?"

अप्पांनी उपरण्याच्या टोकाने कपाळ पुसलं. खोलीत पंखा होता, घाम यायचं काही कारण नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले. "ओळखलं न्हवतं."

मला त्यांच्यावर संताप होता, कालपासून पोटात घेऊन फिरत होते तो. तरीही ते शब्द ऐकून मी मान खाली घातली. माझ्या उभ्या आयुष्यात अप्पांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. एखाद्या माणसाला सगळ्यांसमोर डोक्यावरची टोपी काढायला लावावी तसं मला वाटलं. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही, त्या टाईप करत राहिल्या.

"कॉलचं रेकॉर्डिंग वगैरे नसेलच," त्या सवयीने म्हणाल्या.

"हाय," अप्पा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. अप्पांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. कुणीतरी यजमानाने म्हणे गेल्या वर्षी ते सेटिंग करून दिलं होतं, सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतील असं, म्हणजे कुणी कसली पूजा सांगितली, कुणाचं गोत्र काय, हे परत ऐकता यावं. घरात सायबर सिक्युरिटीची होऊ घातलेली विद्यार्थिनी, आणि घरातला मुख्य फोन काय करतो याचा तिला पत्ता नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि त्याहून एक गोष्ट कळेना. रेकॉर्डिंग होतं तर काल आम्ही दोघी इतकं बोललो तेव्हा यांनी ते पुढे का केलं नाही?

बाईंनी स्पीकर लावला.

"नमस्कार काका. ओळखलं का?"

"ओळखलं की! ओळखनार न्हाय व्हय?" यजमानांशी बोलताना अप्पांची बोली आणखी गावाकडची होते. "माकणीचे न्हवं तुमी?"

पलीकडचा माणूस अगदी जरासा थांबला. "हां, माकणीचाच."

"थोरल्या दादांचे?"

"थोरल्या दादांचाच, काका."

मी डोळे मिटून घेतले. त्याला काहीही माहीत नव्हतं. गाव अप्पांनी दिलं, घर अप्पांनी दिलं, आणि तो घेत गेला. पुढे पाऊसपाणी झालं, धरण झालं, तो प्रत्येक गोष्टीला 'हां काका' म्हणत होता. मग म्हणाला, पोरगी हुशार निघाली असं ऐकलं, कुठं घालताय? अप्पांनी दोन्ही नावं सांगितली. जन्मतारीखसुद्धा सांगितली, तीही तिथीसकट, त्याने न विचारता. पत्रिका चांगली आहे हे सांगायच्या ओघात. आणि पोरीशीच बोला म्हणून माझा फोन नंबरही देऊन टाकला.

"मग काका," तो माणूस म्हणाला, "तुमच्या मनात काय हाय?"

रेकॉर्डिंगमध्ये थोडा वेळ नुसती भांडी वाजत होती. ती आई होती, मागे स्वयंपाकघरात.

"माझ्या मनात?" अप्पा म्हणाले. "पयल्यांदा मी पुणं म्हनलो. भैन हाय तिथं, पोरगी नदरंसमोर ऱ्हाईल. पर तिचं मन हैदराबादला हाय. रोज सकाळी बसती त्या कम्प्युटरवर, दोन्ही कालेजं उघडून. मी जाता-येता बघतो की. डावीकडं बघतच न्हाय ती. मग म्हनलं, आपुन कशाला आडवं जायचं? हैदराबादच करू. उद्या सांगतो तिला. भ्या एकच वाटतंय, ऱ्हाईल कुठं ती तिथं."

पोलीस बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. मी अप्पांकडे पाहिलं नाही. मला ते शक्यच नव्हतं.

"काळजीच सोडा, काका. माझा भाऊच हाय तिथल्या होस्टेलात. खोली राखून ठिवतो. तुमच्या फोनवर एक नंबर यील, तेवढा सांगा."

अप्पांनी नंबर सांगितला. मेसेज इंग्रजीत होता, 'नाकारण्यासाठी' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अप्पांनी त्यातले फक्त आकडे वाचले. संकल्प सोडताना गोत्र सांगतात तसा एकेक आकडा सुटा आणि खणखणीत. चुकू नये म्हणून दोनदा सांगितला.

"आनखी एक नंबर यील, काका. मेसचा."

"थांबा, दारात गाडी आली यजमानांची. मागनं करा. आन्‌ लई उपकार झाले बघा तुमचे. देवीचा प्रसाद धाडतो तुमच्याकडं."

रेकॉर्डिंग संपलं. दुसरा नंबर पुण्याचा असणार, हे मला आणि बाईंना दोघींनाही कळलं होतं. दारात गाडी आली म्हणून पुणं वाचलं. आणि हैदराबाद गेलं ते अप्पांनी हैदराबाद म्हटलं म्हणून. त्या माणसाने कुठे जायचं ठरलंय ते आधी विचारून घेतलं आणि तेच आधी खोडलं. अप्पा आपल्या हट्टावर अडून बसले असते, पुणंच म्हणाले असते, तर हैदराबादची जागा त्या दिवशी जिवंत राहिली असती. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि मी इतकी सुन्न झाले की बाईंनी सही करायला सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं.

तक्रारीची प्रत मी तिथूनच हैदराबादला पाठवली. त्यांचं उत्तर नंतर आलं आणि ते 'नाही' असं होतं, सभ्य भाषेत. त्या माणसाचा नंबर कुणा तिसऱ्याच्याच नावावर निघाला. शुक्रवारी मी पुण्याखालचं 'स्वीकारा' दाबलं. ओटीपी आला तेव्हा अप्पांनी तो वाचून न दाखवता फोनच माझ्या हातात दिला. मी पुण्यात शिकते आहे, चांगलं चाललं आहे. कोर्सची ती शेपटीसुद्धा वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली. पण माझ्या डोक्यात राहून गेलाय तो गुरुवारचा परतीचा प्रवास.

धाराशिवच्या स्टँडवर आम्ही बसमध्ये बसलो. मी या वेळी पिशवी पायाशी ठेवली. बस सुटून गावाबाहेर आली. मला माफी मागायची होती. आई आणि मी त्यांना काय समजलो होतो, आणि त्यांनी ते ऐकून घेऊन वर एक शब्दसुद्धा काढला नव्हता. पण तोंडातून आला तो जाबच.

"काल घरी का नाही बोललात? आम्हाला ऐकवायचं ना हे."

"जागा गेल्यावर सांगून काय करायचं?" अप्पा म्हणाले. "हैदराबादच म्हननार हुतो, असं सांगितलं असतं, तर तुमाला खरं वाटलं असतं? चुकल्यावर समदे तसंच म्हनत्यात."

ते बरोबर होतं. मला खरं वाटलं नसतं. मी उलट आणखी भडकले असते.

"पण आधी तरी सांगायचं," मी म्हणाले. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघत होती, तरी मी थांबले नाही. "मी इतके दिवस जिवाचं पाणी करत होते, अप्पा. तुमचं हैदराबाद ठरलं होतं आणि ते मला माहीत नाही. एका परक्या माणसाला माहीत. त्याला सांगितलंत आणि मला नाही?"

अप्पांनी खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मला वाटलं आता ते रागावतील. त्यांना राग आलेला नव्हता. उलट माझा प्रश्न त्यांना नवलाचा वाटला असावा, असे ते माझ्याकडे बघत होते.

"त्यानं इचारलं," ते म्हणाले. "तुमच्या मनात काय हाय काका, असं इचारलं त्यानं. तू न्हाईस इचारलं. तुझ्या आईनंबी न्हाय. पयल्या दिवशी मी पुणं म्हनलो, ते धरून बसला दोघी. परत कुनी इचारलंच न्हाय मला."

एकदा तरी विचारलं असेल, जेवताना, जाता-येता, असं वाटून मी घाईघाईने मागचे सगळे दिवस आठवायला लागले. तुळजापूर आलं, बस स्टँडात शिरली, अप्पा पिशवी उचलून उतरले, आणि मी अजून आठवतच होते.